मोबाइल टॉवरच्या अँटेनाचा झोत खोलीत कसा मोजतात?

इमारतींच्या गच्चीवर किंवा लोखंडी टॉवरच्या टोकाला उभट, पांढुरक्या किंवा राखी रंगाच्या पेट्या दिसतात. मोबाइल नेटवर्कचे हे सेक्टर अँटेना. एका टॉवरवर बहुधा तीन दिशांना तीन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंशांचा मुलूख. पेटीच्या आत डायपोल, म्हणजे प्रत्यक्ष लहरी सोडणारे छोटे घटक, उभ्या रांगेत एकावर एक बसवलेले असतात. या रांगेमुळे रेडिओलहरींचा झोत ठरावीक आकारात बाहेर पडतो: आडवा पाहिला तर ऐसपैस, साधारण ६५ अंश रुंद, आणि उभा पाहिला तर पातळ, पाच-सात अंशांचा. शिवाय तो क्षितिजाच्या थोडा खाली वळवलेला असतो, कारण आपल्या भागातल्या फोनपर्यंत तो पोचला पाहिजे आणि शेजारच्या टॉवरच्या हद्दीत त्याने गोंधळ घालता कामा नये.

हे वळण थोडंसं जरी चुकलं तरी केवढा फरक पडतो ते पाहा. ३० मीटर उंचीवरून चार अंश खाली वळलेल्या झोताचा मध्य जमिनीला सुमारे ४३० मीटरवर टेकतो. वळण तीन अंशांचंच असेल, तर तो सुमारे ५७० मीटरवर जातो. एका अंशात १४० मीटरची वस्ती इकडची तिकडे. त्यामुळे कारखान्यातून अँटेना बाहेर पडण्याआधी त्याचा झोत नेमका कुठे आणि कसा जातो, बाजूला किती सांडतो, पाठीमागे किती गळतो, हे दशांश अंशापर्यंत मोजावं लागतं.

सरळ उपाय म्हणजे लांब उभं राहून मोजायचं. अडचण ‘लांब’ म्हणजे किती, इथे आहे. दोन मीटर उंचीचा अँटेना घ्या, वारंवारता १८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १६.७ सेंटिमीटर. त्याच्यासमोर तीन मीटरवर मोजायला उभे राहिलात, तर अँटेनाच्या मध्यातून निघालेली लहर तीन मीटर चालून येते आणि वरच्या टोकातून निघालेली ३.१६ मीटर. हा १६ सेंटिमीटरचा फरक जवळजवळ एक पूर्ण तरंगलांबी आहे. मधल्या डायपोलांच्या लहरी त्यामुळे एकमेकींना काही ठिकाणी जोर देतात, काही ठिकाणी मारतात, आणि मोजलेलं चित्र त्या अँटेनाच्या खऱ्या झोताचं राहतच नाही. अर्ध्या किलोमीटरवरच्या फोनला मात्र मध्य आणि टोक यांच्यातला फरक जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्या लहरी समांतर येतात.

या ‘पुरेशा लांब’साठी अँटेनावाल्यांचा एक जुना नियम आहे: अँटेनाच्या सर्वांत मोठ्या मापाचा वर्ग करा, दुप्पट करा, तरंगलांबीने भागा. त्या अंतरावर मध्य आणि टोक यांच्यातला फरक तरंगलांबीच्या सोळाव्या भागाइतका, म्हणजे फेजमध्ये (लहरीच्या चढउताराच्या टप्प्यात; पूर्ण लहर ३६० अंशांची) २२.५ अंश उरतो. आपल्या दोन मीटरच्या अँटेनासाठी हे अंतर ४८ मीटर येतं. तोच अँटेना ३.५ गिगाहर्ट्झवर चालवला तर ९३ मीटर. सहा मीटर रुंदीचा रडारचा अँटेना ३ गिगाहर्ट्झवर असेल तर ७२० मीटर. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची आहे. १४२० मेगाहर्ट्झला तिच्यासाठी हे अंतर १९ किलोमीटरच्या पुढे जातं. एवढ्या थाळीचा झोत तपासायला आकाशातलेच तेजस्वी रेडिओस्रोत वापरावे लागतात.

मोकळ्या मैदानात शंभर मीटर अंतर मिळेलही, पण मैदानाला जमीन असते. जमिनीवरून उलटून आलेली लहर थेट लहरीत मिसळते. अँटेनाच्या बाजूचे दुय्यम झोत मुख्य झोतापेक्षा शेकडो पटींनी दुबळे असतात. एवढं दुबळं काही मोजायचं तर जमिनीची ती चोरटी भर त्याहूनही खूप कमी असायला हवी. त्यात पाऊस, वारा, आणि ज्या बँडमध्ये मोजायचं त्याच बँडमध्ये आसपास चालू असलेली खरी मोबाइल सेवा. खोलीत जायचं म्हटलं तर आतून शोषक फोमचे सुळके लावलेली शंभर मीटर लांब खोली बांधावी लागेल. ते परवडणारे थोडेच.

इथे निअर-फील्ड, म्हणजे अँटेनाच्या जवळच मोजण्याची पद्धत येते. तिच्यामागचं तत्त्व मॅक्सवेलच्या समीकरणांतून निघतं आणि मला ते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत उपयोगी तत्त्वांपैकी एक वाटतं: अँटेनाला पूर्ण वेढणाऱ्या एखाद्या काल्पनिक पृष्ठभागावर विद्युतचुंबकीय क्षेत्र ठिकठिकाणी कसं आहे हे कळलं, तर त्या पृष्ठभागाबाहेर, कितीही लांब, ते कसं असेल हे ठरून जातं. दूरवर जे काही पोचणार आहे त्याला या पृष्ठभागातून जावंच लागतं. मग आपण तो पृष्ठभाग हाताच्या अंतरावर घेऊ शकतो आणि उरलेला प्रवास गणिताने करू शकतो.

अट एकच, आणि ती कडक आहे. प्रत्येक बिंदूवर लहरीची ताकद मोजून भागत नाही. तिची फेजही मोजावी लागते, म्हणजे त्या क्षणी लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे तेही. जवळच्या क्षेत्रात दूरच्या झोताची माहिती मुख्यतः फेजमध्येच दडलेली असते. झोत चार अंश खाली वळतो तो वरच्या आणि खालच्या डायपोलांमधल्या फेजच्या फरकामुळे. नुसती ताकद मोजली तर चार अंश वळलेला आणि न वळलेला अँटेना जवळून जवळपास सारखेच दिसतील. त्यामुळे व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर हे उपकरण या सगळ्या मांडणीच्या केंद्रस्थानी असतं. ते अँटेनाला संकेत देतं, प्रोबने, म्हणजे अँटेनासमोर धरलेल्या छोट्या ग्राहकाने, उचललेला संकेत परत घेतं आणि दोहोंची ताकद व फेज यांची तुलना करतं.

काल्पनिक पृष्ठभागाचा आकार कोणता घ्यायचा? प्रचारात तीन आकार आहेत: सपाट, गोल आणि दंडगोल. सपाट पृष्ठभागावर प्रोब समोरच्या चौकटीत वरखाली आणि डावीउजवीकडे फिरतो, अँटेना हलत नाही. रडारच्या किंवा उपग्रहाच्या, एकाच दिशेला अरुंद झोत टाकणाऱ्या अँटेनाला हे उत्तम. पण चौकट कितीही मोठी केली तरी ती बाजूला ६०-७० अंशांपलीकडचं नीट सांगू शकत नाही, आणि पाठीमागचं तर काहीच नाही. आपला सेक्टर अँटेना आडवा इतका पसरतो की बाजूचं आणि मागचं कळणं अत्यावश्यक आहे. गोलाकार मोजणीत सगळ्या दिशा येतात. त्यासाठी अँटेना किंवा प्रोब दोन अक्षांभोवती फिरवावा लागतो; दोन-तीन मीटर उंचीची जड वस्तू तिरपी करत गेलं की ती स्वतःच्या वजनाने किंचित वाकते आणि हिशोबही बराच वाढतो.

दंडगोल या दोघांच्या मधला. अँटेना फिरत्या टेबलावर सरळ उभा करायचा, टॉवरवर उभा असतो अगदी तसाच, आणि तो फक्त उभ्या अक्षाभोवती फिरतो. शेजारी एक उभा खांब. त्यावर प्रोब वरखाली सरकतो. फिरणं आणि सरकणं मिळून प्रोबचा मार्ग अँटेनाभोवती दंडगोल रेखतो. अँटेना कुठल्याही क्षणी कलत नसल्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा भार संपूर्ण मोजणीत तसाच राहतो. आडव्या दिशेत पूर्ण ३६० अंश मिळतात, उभ्या दिशेत खांबाच्या उंचीला साजेसे. पंख्यासारखा झोत टाकणारे अँटेना, म्हणजे मोबाइलचे सेक्टर पॅनेल किंवा जहाजांवर फिरणाऱ्या रडारच्या लांब पट्ट्या (त्या मोजताना उभ्या धरतात), यांच्यासाठी हा आकार सर्वांत शहाणपणाचा आहे असं माझं मत आहे. पाठ्यपुस्तकं सपाट आणि गोल पद्धतींवर पानंच्या पानं खर्च करतात आणि दंडगोलाची बोळवण एका प्रकरणात होते. ते मला पटत नाही.

गणिताच्या बाजूने दंडगोलाची खुबी अशी. डब्याभोवतीचं लेबल उभं कापून सोडवलं तर ते टेबलावर सुरकुती न पडता सपाट पसरतं. मोजलेल्या आकड्यांचंही तसंच: एका बाजूला उंची, दुसऱ्या बाजूला फिरण्याचा कोन, असा समान अंतरांचा एक आयताकृती तक्ता मिळतो. अशा तक्त्यावर दोन्ही दिशांनी फूरिये रूपांतर करता येतं, आणि १९६५ मध्ये जेम्स कूली आणि जॉन टुकी यांनी प्रसिद्ध केलेल्या जलद पद्धतीमुळे संगणक ते चुटकीसरशी करतो. गोलावर ही सोय इतक्या सहज मिळत नाही. ध्रुवांपाशी बिंदू दाटतात आणि वेगळी, अवघड फलनं वापरावी लागतात.

रूपांतरातून काय मिळतं? अँटेनाभोवतीचं गुंतागुंतीचं क्षेत्र अनेक साध्या दंडगोलीय लहरींची बेरीज म्हणून मांडलं जातं. यातली प्रत्येक लहर, म्हणजे मोड, दोन गोष्टींनी ओळखली जाते: अक्षाभोवती एका फेरीत तिची फेज किती पूर्ण चकरा घेते, आणि उंचीच्या दिशेने ती किती झपाट्याने बदलते. असा मोड अक्षापासून दूर जाताना कसा बदलत जाईल हे १९व्या शतकातले जर्मन गणिती हर्मन हँकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फलनांनी नेमकं सांगता येतं. एका त्रिज्येवर मोजलेलं क्षेत्र त्या त्रिज्येच्या हँकेल फलनाने भागलं की मोडचा गुणांक हाती येतो. गुणांक कळले की मग एक मीटर काय आणि दहा किलोमीटर काय, कोणत्याही अंतरावरचं क्षेत्र बेरजेने मिळतं.

मोड मुळात अनंत असतात. तरी मोजणी संपते, कारण निसर्ग आपल्या बाजूने आहे. अँटेना आणि त्याची बैठक मिळून फिरताना अर्धा मीटर त्रिज्येच्या दंडगोलात मावतात असं धरू. या दंडगोलाचा परीघ ३.१४ मीटर. त्यात १६.७ सेंटिमीटरच्या सुमारे १९ तरंगलांब्या बसतात. फेरीत १९पेक्षा फारच जास्त चकरा असलेले मोड अँटेनापासून निघताच विझत जातात. दूर पोचतच नाहीत. उंचीच्या दिशेनेही तसंच: एका तरंगलांबीपेक्षा कमी अंतरात पूर्ण चढउतार करणारी घडण बाहेर पडून प्रवास करू शकत नाही. एका चढउताराला किमान दोन नोंदी लागतात, या नमुना घेण्याच्या नियमाने उंचीत अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ८ सेंटिमीटरवर एक नोंद पुरते. कोनात थोडी मोकळीक ठेवून ६ अंशांवर एक. चार मीटरच्या खांबावर ५१ ओळी, फेरीत ६० थांबे, आणि क्षेत्राचे उभा व आडवा असे दोन घटक: एकूण ६,१२० नोंदी. यापेक्षा दाट मोजून झोताबद्दल नवं काही हाती लागत नाही. आणि एवढ्यातून झोताचा कुठलाही एक काप नव्हे, सगळा त्रिमितीय झोत मिळतो.

प्रोबला अँटेनाच्या अगदी जवळही नेत नाहीत. विझणाऱ्या मोडांचा त्रास टाळायला आणि प्रोब व अँटेना यांच्यात लहर पुन्हापुन्हा आपटू नये म्हणून तीन ते पाच तरंगलांब्यांचं अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या उदाहरणात अर्धा मीटर ते पाऊण-एक मीटर.

आता प्रोबबद्दल, कारण या पद्धतीचा इतिहास बराचसा प्रोबभोवतीच फिरतो. प्रोब म्हणजे बहुतेक वेळा उघड्या तोंडाची आयताकृती धातूची नळी, वेव्हगाइड. ती क्षेत्र एका बिंदूवर निरपेक्षपणे मोजत नाही. तीही एक अँटेनाच आहे. समोरून आलेली लहर तिला चांगली ऐकू येते, तिरकी आलेली कमी. खांबाच्या टोकाला प्रोब असताना अँटेनाकडून येणारी लहर तिरकी येते, म्हणून नोंद खऱ्यापेक्षा कमी होते. हे दुरुस्त केलं नाही तर मुख्य झोत साधारण बरा दिसतो, पण कडेचे आकडे फसवतात. जे. ब्राउन आणि ई. व्ही. जल यांनी १९६१ मध्ये या दुरुस्तीचा दंडगोलीय, पण द्विमितीय मार्ग दाखवला. अमेरिकेत बोल्डर इथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत डेव्हिड कर्न्स यांनी सपाट मोजणीचा सिद्धांत पक्का केला. दंडगोलासाठी पूर्ण त्रिमितीय उत्तर १९७३ मध्ये आलं: अटलांटातल्या जॉर्जिया टेकमधले मार्शल लीच आणि डिमेट्रियस पॅरिस यांनी लॉरेंट्झच्या परस्परतेच्या प्रमेयाचा (अँटेना लहर सोडताना आणि घेताना सारखाच वागतो, असं सांगणारं) आधार घेऊन दाखवलं की प्रोबचा स्वतःचा झोत आधी मोजून ठेवला, तर त्याचा परिणाम प्रत्येक मोडमधून वजा न करता भागाकाराने स्वच्छ काढून टाकता येतो. १९७७ मध्ये बोल्डरच्याच आर्थर यागजियान यांनी हाच विषय वेगळ्या, अधिक सुटसुटीत चौकटीत मांडला. आजच्या दंडगोलीय यंत्रणांचं गणित याच पायावर उभं आहे.

कागदावर हे सगळं सुंदर दिसतं. प्रत्यक्षात माणूस झगडतो तो मिलिमीटरशी. १८०० मेगाहर्ट्झला प्रोब एक मिलिमीटर पुढेमागे झाला की फेजमध्ये दोन अंशांहून थोडी जास्त चूक होते; सोसण्यासारखी. तीच चूक २८ गिगाहर्ट्झला, जिथे तरंगलांबी जेमतेम ११ मिलिमीटर आहे, सुमारे ३४ अंशांची होते आणि दुय्यम झोतांचा सगळा हिशोब बिघडवते. खांब आणि टेबलाचा अक्ष एकमेकांना समांतर आहेत ना, हे त्याहून महत्त्वाचं. चार मीटर उंचीच्या खांबाचं वरचं टोक अँटेनाच्या दिशेने सात मिलिमीटर झुकलं, तर खांब दशांश अंशाने कललेला असतो आणि झोताच्या वळणाच्या मोजमापात तेवढी चूक थेट उतरते. म्हणून बसवणीच्या वेळी लेझर ट्रॅकरने खांबाची इंचन्‌इंच तपासणी होते. मग केबल. प्रोब वरखाली जाताना केबल वाकते आणि वाकली की फेज सरकते. खोलीचं तापमान दोन अंश चढलं तरी सरकते. यावर उपाय म्हणजे फेज न बदलणाऱ्या महागड्या केबली, एकसारखं चालणारं एसी, आणि मोजणीत अधूनमधून प्रोबला पुन्हा एका ठरावीक बिंदूवर आणून आधीच्या नोंदीशी ताडून पाहणं. शेवटची सवय फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. तिच्यामुळे दिवसभराच्या मोजणीवर भरवसा ठेवायचा की ती टाकून द्यायची, हे लगेच कळतं.

दंडगोलाची खरी मर्यादा वरखाली आहे. त्याला झाकण आणि बूड नसतं. प्रोब अँटेनाच्या तोंडापासून एक मीटरवर असेल आणि क्षितिजाच्या वरखाली ४५ अंशांपर्यंतचा झोत खात्रीने हवा असेल, तर दोन मीटरच्या अँटेनाला चार मीटरचा मार्ग पुरतो. ६० अंश हवे असतील तर साडेपाच मीटर. ७५ अंशांसाठी साडेनऊ मीटर, आणि एवढ्या उंच खोलीचा खर्च कोणी करत नाही. सेक्टर अँटेनाची थेट वर आणि थेट खाली जाणारी ऊर्जा नगण्य असल्याने इथे बहुधा निभावतं. टॉवरच्या अगदी पायथ्याशी किती पोचतं असा प्रश्न असेल, तर मात्र दंडगोलाला विचारू नये. ते काम गोलाकार मोजणीचं.

भिंतींचा त्रास खोलीतही थोडा उरतोच. फोमचे सुळके सगळं शोषत नाहीत. इथे मोडांचा दुसरा उपयोग होतो. अँटेनाच्या आकारमानामुळे त्याचे मोड ठरावीक चकरांपर्यंतच असू शकतात, तर भिंतीवरून उलटलेल्या लहरीत त्याहून जास्त चकरांचे मोडही सापडतात. जास्तीचे मोड गाळले की उलटलेल्या लहरीचा मोठा भाग निघून जातो. जो भाग अँटेनाच्याच मोडांत मिसळला तो राहतो, त्यामुळे चांगल्या खोलीची गरज संपत नाही.

अँटेना घडवणाऱ्यांना माझ्या अनुभवात सर्वांत आवडतो तो उलटा हिशोब. गुणांक हाती आले की क्षेत्र बाहेर नेण्याऐवजी परत आत, अँटेनाच्या पृष्ठभागावर आणता येतं. साधारण एका तरंगलांबीच्या बारकाव्याने दिसतं की कोणता डायपोल मंद आहे, कुठला उलट्या फेजने जोडला गेलाय, कुठे सोल्डरचा डाग नीट लागलेला नाही. पेटी न उघडता खालून सातवा डायपोल बंद आहे असं सांगता येणं ही उत्पादनाच्या ओळीवर केवढी सोय आहे, ते तिथे काम करणाऱ्यालाच कळेल.

आता गोलाकार कमानीत अनेक प्रोब बसवून त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अदलाबदल करणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत. त्या हीच मोजणी कितीतरी लवकर करतात आणि मोबाइल अँटेनाच्या उद्योगात त्यांचा जोर आहे. मात्र प्रत्येक प्रोब दुसऱ्याशी जुळवून घ्यावा लागतो आणि किंमतही तशीच असते. एक खांब, एक टेबल आणि एक नीट मोजून ठेवलेला प्रोब एवढ्यावर उभी राहणारी दंडगोलीय मांडणी छोट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात बसते.

नव्या ५जी अँटेनांनी प्रश्न वेगळ्या बाजूने अवघड केला आहे. त्यांत रेडिओच पेटीच्या आत असतो, अँटेनाला केबल लावायला तोंडच नाही. मग फेज मोजायची कशाच्या तुलनेत? यासाठी टेबलावर अँटेनासोबतच फिरणारा, त्याला पक्का जोडलेला दुसरा छोटा अँटेना संदर्भ म्हणून वापरतात आणि फिरत्या प्रोबच्या फेजची त्याच्याशी तुलना करतात. संदर्भाचा संकेत पुरेसा मजबूत राहिला आणि मोजणी चालू असताना रेडिओने मध्येच झोत बदलला नाही, तर लीच आणि पॅरिस यांचं १९७३चं गणित त्या आकड्यांनाही तसंच लागू पडतं.